मागच्या इंजिनातून दिसणारा धबधबा

आमच्या घरात एक धबधबा आहे. कल्याण पश्चिमेला, चौथ्या मजल्यावर, बाहेरच्या खोलीच्या कोपऱ्यात, आईच्या शिवणयंत्राच्या जुन्या टेबलावर. तो बाराही महिने वाहतो. त्याला एप्रिल-मे कळत नाही, पाणीकपात कळत नाही. बटण दाबलं की वाहायला लागतो, बंद केलं की जिथे असेल तिथे थांबतो आणि दुसऱ्या दिवशी नेमका तिथूनच पुढे पडतो. आषाढात खिडकीबाहेरही पाणी कोसळायला लागलं की मी दोन्हींकडे आळीपाळीने बघते. बाहेरचं पाणी माझं ऐकत नाही. आतलं ऐकतं. त्रास आतल्याचाच जास्त आहे.

संगणकावर आगगाडी चालवायचा हा खेळ. सिम्युलेटर म्हणतात. खेळ म्हणायचं, पण त्यात जिंकणं-हरणं नसतं. इंजिनाच्या केबिनमध्ये बसायचं, सिग्नल पाळायचे, गाडी वेळेत पोचवायची. ज्यांचं तेवढ्यावर भागत नाही ते स्वतःच मार्ग बांधतात. रूळ, पूल, स्टेशनं, बाभळी, फाटकाशी रवंथ करणारी म्हैस. मी ठाण्यात एका आर्किटेक्टकडे सत्तावीस वर्षं इमारतींचे नकाशे काढते आहे. भिंती काढणाऱ्या बाईला डोंगर काढायला शिकणं फार जड गेलं नाही. कसारा ते इगतपुरी हा अख्खा घाट मी चार महिन्यांत उभा केला. बोगदे, दऱ्या, मोऱ्या, सगळं. त्यानंतर एकट्या धबधब्याला सात आठवडे लागले. ते सगळे गेल्या पावसाळ्यातले.

हे केलं आप्पांसाठी. आप्पा म्हणजे माझे वडील, वय ब्याऐंशी. घरात आम्ही दोघंच. आई जाऊन बरीच वर्षं झाली. माझं लग्न झालं होतं, ते मोडलं, त्याचा या लेखाशी संबंध नाही. आप्पा रेल्वेत ड्रायव्हर होते आणि नोकरीची बरीच वर्षं त्यांनी याच घाटात काढली. आता त्यांच्या डोळ्यांचा मधला भाग गेला आहे. समोर बघितलं की मधोमध करडा डाग. कडेचं तेवढं दिसतं. कडेचंही हळूहळू जाईल, असं डॉक्टर म्हणाले. दवाखान्यातून बाहेर पडताना आप्पा चप्पल पायाने चाचपत म्हणाले, "जायच्या आधी घाट एकदा नीट बघायचाय." मी त्यांना पुढच्याच रविवारी गाडीने इगतपुरीला नेऊन आणलं. पॅसेंजरच्या खिडकीतून सगळं इतक्या भरभर मागे गेलं की ते चिडून परतले. म्हणून मग हा खटाटोप. मला वाटलं होतं, दोन-तीन महिन्यांत घाट तयार करू, एकदा दाखवू, विषय संपला.

धबधब्यात अडकले ते असं. संगणकातला धबधबा म्हणजे पाणी नसतंच. उभा टांगलेला पारदर्शक पडदा असतो आणि त्यावर पाण्याचं चित्र वरून खाली सरकत राहतं. चित्र संपलं की पुन्हा पहिल्यापासून. डोळा लबाड असतो. तिसऱ्या फेरीला त्याला कळतं की हा फेसाचा गोळा मघाशीच गेला होता. एकदा ते कळलं की मग दुसरं काही दिसत नाही. बसल्या जागी माणूस त्या गोळ्याची वाट बघत राहतो. त्यावर उपाय म्हणजे एकामागे एक तीन पडदे टांगायचे, तिघांचा वेग वेगळा ठेवायचा. मग तीच जुळणी पुन्हा यायला खूप वेळ लागतो. पण येते. हे मी आधी लिहून ठेवायला हवं होतं.

खेळाबरोबर तयार धबधबे मिळतात. ते सगळे परदेशातले, निळेहिरवे, धुतल्यासारखे. आपल्या घाटातलं आषाढातलं पाणी चहात दूध जरा जास्त झाल्यासारखं असतं. श्रावण संपता संपता ते निवळतं आणि भाद्रपदात त्याच्या चार बारीक दोऱ्या उरतात. मला आषाढातलं हवं होतं. पाण्याला स्वतःचा आकार नसतो, हेही तेव्हाच शिकले. आधी मी पाणी करून त्यामागे खडक लावत होते आणि काही केल्या ते खरं वाटत नव्हतं. मग सगळं पुसून नुसता काळा, पायऱ्यापायऱ्यांचा, शेवाळलेला खडक केला. कुठे कपार, कुठे पुढे आलेलं नाक. पाणी वरून सोडलं तेव्हा कुठे ते अडखळायला लागलं.

मधल्या पडद्यावरचं पाणी आमच्या सोसायटीच्या टाकीचं आहे. टाकी भरून वाहायला लागली की गच्चीवरून मागच्या काळवंडलेल्या भिंतीवर एक जाड धार पडते. एका सकाळी मी खाली उभी राहून फोनवर तिचं चित्रण करत होते, तेव्हा सेक्रेटरी साळवी दुसऱ्या मजल्यावरून ओरडले, "अहो सुधाताई, टाकी वाहतेय! मोटर बंद करा ना, तुम्ही खालीच आहात!"

"दोन मिनिटं थांबा, साळवी. उजेड चांगला आहे."

"पाणी वाया चाललंय आणि तुम्ही व्हिडिओ काढताय?"

"वाया नाही जात. घाटात जातंय."

त्यांनी स्वतः उतरून मोटर बंद केली. पण तोवर मला हवं तेवढं मिळालं होतं.

आवाज खडवलीचा आहे. तिथे मी शैलाबरोबर गेले होते. शैला गायकवाड विठ्ठलवाडीला राहते, शाळेत गणित शिकवते आणि सुट्टीत सिम्युलेटरसाठी झाडं बनवते. तिचे साग आणि करवंदीच्या जाळ्या इतक्या चांगल्या असतात की देशभरचे लोक मागून नेतात. असे मार्ग बांधणाऱ्यांच्या ग्रुपवर आमची ओळख झाली. तिथे आम्ही दोघीच बायका, आणि बराच काळ सगळे आम्हाला 'सर' म्हणत होते. आम्हीही खुलासा केला नाही. खडवलीला नदीवर सहलीच्या लोकांचा गोंगाट, म्हणून शेतांमागच्या एका ओहोळापाशी गेलो. फोन भिजू नये म्हणून पोळ्यांच्या रिकाम्या डब्यात ठेवला आणि वर छत्री धरून अर्धा तास गप्प बसलो.

"ताई," शैला कुजबुजली, "आमच्या शाळेतलं कुणी बघितलं ना, तर म्हणेल मॅडम डब्यात पाण्याचा आवाज भरून नेतायत."

"बोलू नकोस. तुझाही आवाज डब्यात जातोय."

सहाव्या आठवड्याअखेर आप्पांना बोलावलं. खुर्चीत बसवलं, कसाऱ्याहून गाडी सोडली. ते मान तिरकी करून, डोळ्याच्या कडेने पडद्याकडे बघत होते. पहिला बोगदा, वळण, पूल. मी शेजारी उभी राहून नावं सांगत होते. मग समोर दूरवर धबधबा दिसायला लागला, हळूहळू मोठा होत गेला, डाव्या हाताला आला, मागे गेला. मला तरी तो झकास वाटत होता.

"हा आपला घाट नाही," आप्पा म्हणाले.

"काय चुकलं? बोगदा? वळण?"

"काही चुकलं नाही. पण हा मी बघितलेला नाही."

मला राग आला होता, हे कबूल करते. चार महिने आणि सहा आठवडे. स्वयंपाकघरात जाऊन मी कुकर लावला आणि दुसऱ्या शिट्टीला लक्षात आलं की मी त्यांना चुकीच्या इंजिनात बसवलं होतं.

घाटाचा चढ एका इंजिनाला झेपत नाही. म्हणून कसाऱ्याला गाडीच्या मागे आणखी इंजिनं जोडतात. ती मागून रेटतात, इगतपुरीला सुटतात आणि परत खाली येतात. त्यांना बँकर म्हणतात. आप्पा बँकरवर होते. पुढचा ड्रायव्हर शिट्टी देणार, त्याला शिट्टीने उत्तर द्यायचं आणि रेटायचं. त्यांच्या समोर घाट कधी नव्हताच. समोर होता शेवटच्या डब्याचा पत्रा, हातभर अंतरावर. घाट त्यांना फक्त कडेच्या खिडकीतून दिसायचा, आणि तोही यायच्या आधी कधी दिसायचा नाही. एकदम शेजारी उगवायचा. लहानपणी आम्ही 'आमचे आप्पा घाट चढवतात' म्हणायचो आणि मनातल्या मनात त्यांना सर्वांत पुढे बसवायचो. त्यांच्या पोटच्या पोरीने, रोज रेघा मोजणाऱ्या बाईने, पन्नास वर्षांनी पुन्हा तीच चूक केली.

दुसऱ्या दिवशी दुपारी चारला मी त्यांना मागच्या इंजिनात बसवलं. पडद्यावर बहुतेक सगळा डब्याचा तांबडा, गंजलेला पत्रा. डावीकडे खिडकीचा चौकोन. आप्पांनी मान तिरकी केली, आणि मला दिसलं की त्यांना मुद्दाम तिरकी करावीच लागत नाही. ते आयुष्यभर असेच बसले होते. त्यांचा हात आपोआप टेबलाच्या कडेवर गेला. बोगदे आले, गेले. मग खडक संपला आणि एकदम, काही न कळवता, धबधबा खिडकीत आला.

आप्पा पुढे वाकले. "हां," म्हणाले. "हाच."

धबधबा मागे गेला, बोगदा आला. काळोख्या पडद्यात आम्हा दोघांचे चेहरे दिसत होते.

"पाणी बरोबर आहे," आप्पा म्हणाले. "पण माणूस कुठाय?"

मी विचारलं नाही कोण माणूस. मला माहीत होतं. त्रेचाळीस वर्षं आमच्या घरात ते नाव कुणी उच्चारलं नव्हतं. त्या क्षणी मला तीन पडद्यांची ती जुळणी आठवली. पुन्हा यायला खूप वेळ लागतो. पण येते.

मी सहावीत होते तेव्हा आम्ही कसाऱ्याला रेल्वेच्या क्वार्टरमध्ये राहायचो. त्या पावसाळ्यात आमच्या स्वयंपाकघरात एक दोरी बांधलेली होती आणि तिच्यावर दुधाच्या रिकाम्या पिशव्या वाळत असायच्या. प्लॅस्टिकच्या पिशव्या तेव्हा नव्या होत्या. कल्याणची मावशी धुऊन साठवून पाठवायची. त्यांत आम्ही पुड्या बांधायचो. एक काडेपेटी, एक विड्यांचं बंडल, पिशवीची घट्ट घडी, वरून दोरा. आप्पा डब्याबरोबर ती पुडी नेत आणि धबधब्याशी खिडकीतून टाकत. ती सोमाकाकासाठी असे. सोमाकाका रुळांवर गस्त घालायचा. घाटात पावसाळाभर अशी माणसं रूळ चालत तपासतात, कुठे दरड आली का, खडी वाहून गेली का. गाडी आली की तो धबधब्याशेजारी बाजूला उभा राहून हिरवं निशाण धरायचा. पहाटेपासून पावसात उभ्या माणसाच्या खिशात कोरडी काडेपेटी राहणं शक्य नव्हतं. एवढंच कारण. सगळेच बँकरवाले कुणाकुणाला असं काहीतरी टाकायचे. आमच्या वाट्याला सोमाकाका आला होता.

तो एकदा आमच्या घरी आला होता, पळसाच्या पानात बांधलेली शेवळाची रानभाजी घेऊन. दारातच उभा राहिला, आत आला नाही. त्याच्या घोंगड्याला ओल्या मेंढीचा वास येत होता. आईने चहा दिला. मी तेव्हा पायरीवर बसून पुडी बांधत होते. त्याने ती हातात घेऊन जोखली आणि हसला.

"बाय, आत खडा घाल येक. हलकी पुडी वाऱ्यानं उडते."

"खडा घातला तर जड नाही होणार?"

"जड व्हाया पायजे. मंग पायाशी पडते. मला धावाया नको."

तेव्हापासून पुडीत खडा घालायचं काम माझं. रुळांजवळची काळी खडी, लिंबाएवढी. मी ती धुऊन घ्यायचे. का धुवायचे, कोण जाणे.

मग एक दिवस संध्याकाळी आप्पा आले आणि जेवले नाहीत. त्यानंतर स्वयंपाकघरातली दोरी रिकामी झाली. सोमाकाका दोन दिवसांनी खालच्या दरीत सापडला. धबधब्याचं पाणी रुळांशेजारच्या दगडी गटारात पडतं, तिथून रुळांखालच्या मोरीतून पलीकडे दरीत जातं. गस्तीवर असताना पाय घसरला, असं सगळे म्हणाले, आणि ते खोटंही नव्हतं. पुडीचं नाव कुणी काढलं नाही. त्या दिवशी पुडी गेली होती हे कुणाला माहीतच नव्हतं, आई, आप्पा आणि माझ्याशिवाय.

त्या दिवशीच्या पुडीत मी खडा घातला होता का, मला आठवत नाही. पुष्कळ प्रयत्न केला आहे. शाळेला उशीर झाला होता, हे आठवतं. दोरा दाताने तोडला, हे आठवतं. दोऱ्याची चवसुद्धा आठवते. खडा आठवत नाही.

आप्पांनी गेल्या वर्षी, त्या दुपारी, पहिल्यांदा सगळं सांगितलं. पंख्याखाली बसून, कामाचा अहवाल द्यावा तसं. पुडी टाकली. ती सोमाच्या पायाशी न पडता पलीकडे गटाराच्या काठाला पडली. इंजिन पुढे गेलं. आप्पांनी खिडकीतून मान बाहेर काढून मागे बघितलं. असिस्टंट उजव्या बाजूला होता, त्याला काहीच दिसलं नाही. मग बोगदा.

"मागे बघितल्यावर काय दिसलं?" मी विचारलं.

"तेच तर," आप्पा म्हणाले. "तो वाकलेला दिसला असं मला वाटतं. आधी वाटायचं, खरंच दिसला. मग वाटायला लागलं, नंतर कळलं म्हणून मी मनाने घालतोय. तुझ्या या यंत्रात कळेल का? तेवढ्या वेळात, तिथून, माणूस दिसू शकतो की नाही? मोजून सांग."

म्हणजे घाट बघायचा होता तो यासाठी. मी वही काढली. मोजायला सांगितलं की मला बरं वाटतं.

आधी माणूस हवा होता. खेळातला तयार कामगार शैलाने पाठवला. नारिंगी जाकीट, डोक्यावर पिवळं हेल्मेट, कमरेवर हात. "ताई, हा आपल्याकडे असा उभा राहिला तर मुकादम दुपारपर्यंत घरी पाठवेल याला," ती फोनवर म्हणाली. "कुणासाठी हवाय? नेमका कसा?" मी तिला सगळं सांगितलं. खडा सोडून. मग तिने फक्त शिक्षकी प्रश्न विचारले. उंची किती, घोंगडं गुडघ्यापर्यंत की खाली, निशाण कुठल्या हातात. चार दिवसांनी सोमाकाका आला. दोन प्रती होत्या. एक उभा, एक गटारावर वाकलेला. चेहरा तिने मोघम ठेवला होता. ते बरं केलं.

वाकलेला सोमाकाका मी गटाराच्या काठावर ठेवला. हात पाण्याकडे. गाडीचा वेग आप्पा म्हणाले तेवढा. माणसाला ओलांडल्यापासून बोगद्यापर्यंत सहा सेकंद. त्यांतले पहिले दोन मान वळवण्यात गेले धरले, तरी चार उरतात. आता प्रश्न राहिला तुषारांचा. धबधब्याच्या पायथ्याशी उडणारं ते पांढरं धुकं सिम्युलेटरमध्ये कमी-जास्त करता येतं. एक पट्टी असते, ती डावी-उजवीकडे सरकवायची. घाटातल्या पावसाळ्याचे जेवढे फोटो मिळाले ते समोर ठेवून मी पट्टी मध्याच्या जरा अलीकडे लावली होती. तशी ठेवून मागच्या खिडकीतून बघितलं. वाकलेला माणूस दिसत होता. पुसट, पण दिसत होता. घड्याळ लावलं. पावणेदोन सेकंद.

मी तीनदा मोजलं. मग पट्टी उजवीकडे सरकवली. पांढरं धुकं फुगलं, गटार गेलं, निशाण गेलं, माणूस गेला. एक बोट हलवलं फक्त. आयुष्यात इमारतींच्या नकाशात मी कुणासाठी वीतभर भिंतसुद्धा सरकवलेली नाही, आर्किटेक्ट सांगून दमले. इथे अख्खा माणूस पुसला आणि आप्पांना हाक मारली.

चार वाजले होते. आप्पा बसले. बोगदे, पूल, पत्रा. धबधबा आला. मी दृश्य मागे वळवलं. पांढरं, नुसतं पांढरं.

"बघा," मी म्हटलं. "काही दिसत नाही. दिसणं शक्यच नव्हतं. तुम्ही मनानेच घातलंय ते."

आप्पा मान तिरकी करून बघत राहिले. बोगदा आला तरी बघत होते.

"तुषार जास्त आहेत," ते म्हणाले.

"फोटोंवरून लावलेत."

"एवढे नव्हते. मोरीचं तोंड दिसायचं. वरचं करवंदीचं झुडूप दिसायचं. कमी कर."

"आप्पा, त्रेचाळीस वर्षं झाली. तुषार किती होते हे कसं लक्षात राहील कुणाच्या?"

"लक्षात कशाला ठेवायचं? रोज बघतोय ना मी."

मी पट्टी मागे आणली. थोडी. ते म्हणाले, अजून. अजून थोडी. ती जिथे थांबवायला लावली, ते ठिकाण माझ्या पहिल्या खुणेच्या केसभरही पुढे-मागे नव्हतं. गाडी पुन्हा कसाऱ्याहून सोडली. धबधबा आला, दृश्य वळलं, आणि पांढऱ्यातून घोंगडं पांघरलेली एक वाकलेली आकृती दिसली. पावणेदोन सेकंद. मग बोगदा.

"दिसला होता," आप्पा म्हणाले. त्यांच्या आवाजात सुटल्यासारखं काहीतरी होतं, ते मला समजलं नाही. अजूनही पुरतं समजलेलं नाही.

"दिसला असला तरी तुम्ही काय करणार होतात? गाडी थोडीच थांबणार होती?"

"गाडी नाही. तो थांबला असता. शिट्टी ऐकली की सोमा मागे सरायचा. सवय होती त्याची. कसलीही शिट्टी असो, आधी दोन पावलं मागे, मग बघायचा. मी शिट्टी द्यायला हवी होती. मला वाटलं, घेईल तो. रोज घेतो."

खाली कुणीतरी रिक्षा वळवत होतं. मी म्हटलं, "आप्पा, त्या दिवशी पुडीत खडा नव्हता बहुतेक. म्हणून ती उडाली. मी घातला नव्हता."

इतक्या वर्षांत हे वाक्य मी कुणाला म्हटलं नव्हतं. मनातही पुरतं म्हटलं नव्हतं, कारण मला खात्री नव्हती.

आप्पांनी माझ्याकडे बघितलं, म्हणजे माझ्या कानाच्या बाजूला. "होता खडा," ते म्हणाले. "टाकताना हाताला लागला होता. मीच उशिरा टाकली. पाण्याकडे बघत बसलो होतो."

मग ते उठले आणि चहा मागितला.

ज्याला तुषार किती होते ते आठवतं, त्याला खडाही आठवत असेल. किंवा मी जसं धुकं फुगवलं, तसंच त्यांनीही केलं असेल. ते कमी करून बघायला माझ्याकडे पट्टी नाही. सिम्युलेटरला वारा कळत नाही. त्यात पुडी टाकली तर खडा असो नसो, सरळ खाली पडते. मी टाकून बघितली आहे.

वाकलेला सोमाकाका मी त्याच आठवड्यात काढून टाकला. त्याच्या जागी उभा ठेवला, गटारापासून चांगला लांब, एका हातात निशाण. दुसरा हात मोकळा होता. शैलाला फोन करून म्हटलं, एक छोटी वस्तू हवी आहे. दुधाच्या पिशवीची पुडी, वर दोरा. तिने मापं विचारली. मी सांगितली, बोटांना अजून माहीत होती. पुडी आली ती मी त्याच्या मोकळ्या हातात दिली. आप्पांना याबद्दल काही सांगितलं नाही. त्यांनी विचारलं नाही.

घाट नंतर ग्रुपवर टाकला. लोकांना आवडला. धबधबा तर फारच. कसा केला म्हणून अजून विचारतात आणि मी सोसायटीच्या टाकीबद्दल सांगते. काहींनी लिहिलं, धबधब्याशेजारचा तो माणूस फार खरा वाटतो, आमच्या मार्गासाठी मिळेल का? शैलाने मला फोन केला. "ताई, सगळे मागतायत. काय सांगू?"

"झाडं दे. खडक दे. धबधबा दे."

"आणि माणूस?"

"माणूस नको देऊस."

"मला वाटलंच," ती म्हणाली.

यंदाचा आषाढ पुन्हा तसाच कोसळतो आहे. गच्चीवरून टाकीच्या धारेशेजारी पावसाची दुसरी धार पडते आणि साळवी मोटर चालू आहे की बंद हे कळत नाही म्हणून वैतागतात. आप्पांचं कडेचं दिसणंही आता बरंच कमी झालं आहे. तरी दुपारी चार वाजले की ते भिंत चाचपत येऊन खुर्ची ओढतात. मी कसाऱ्याहून गाडी सोडते आणि शेजारी बसून भाजी निवडते. बोगदे ते आवाजावरून ओळखतात. धबधबा यायच्या आधी सावरून बसतात. तो आला की एक हात वर करतात आणि दुसऱ्या हाताने शिट्टीचं बटण दाबून धरतात. लांब शिट्टी. नियमाप्रमाणे तिथे शिट्टी द्यायचं काही कारण नाही. शेजारच्या वहिनी म्हणतात, तुमच्या शिट्टीवर आम्ही चहा ठेवतो.

काल त्यांचा हात वर न जाता खिशाकडे गेला. दोनदा चाचपला. पत्र्याच्या बाजूने खडक सरकत होता, आवाज वाढत चालला होता.

"सुधा," ते म्हणाले, "पुडी आणलीय का? टाकायला हवी."

"नको, आप्पा," मी म्हटलं. "त्याच्या हातात आहे ती."

त्यांनी मान डोलावली. धबधबा खिडकीत आला. त्यांनी शिट्टी दिली, नेहमीपेक्षा लांब. मग बोगदा आला.